आबा शेलारांचा प्रायव्हेट नंबर

लोणावळ्याच्या भाजीबाजारात उभं राहून स्वतःच्या बायकोकडे फोनवर प्रायव्हेट नंबर मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्याच सोसायटीत राहतो.

"मेथी का शेपू?" आबा शेलार फोनवर विचारतात. पलीकडून सुमनकाकू काहीतरी सांगतात.

"मेथी. एक जुडी. बराबर? प्रायव्हेट नंबर सांग."

काकू नंबर सांगतात. आबा खिशातली वही काढतात, नंबर लिहितात, पुढे वेळ टाकतात आणि मगच भाजीवालीकडे वळून म्हणतात, "मावशी, एक जुडी मेथी." मावशींनी जुडी केव्हाच पिशवीत टाकलेली असते. त्यांना आता सवय झाली आहे.

हा नंबर काय प्रकार आहे ते सांगायला हवं, नाहीतर आबा तुम्हाला विक्षिप्त वाटतील. ते तसे आहेत, पण त्याला कारण आहे. आबा मूळचे कुरवंड्याचे. घरची भातशेती भावावर सोपवून ते रेल्वेत लागले. आधी फाटकावर गेटमन, मग परीक्षा देत देत घाटातल्या एका छोट्या स्टेशनाचे मास्तर. रेल्वेत अशी रीत आहे की गेटमनने फोनवर "फाटक बंद केलं" असं सांगितलं तर मास्तर त्यावर विश्वास ठेवत नाही. तो प्रायव्हेट नंबर मागतो. गेटमनकडे नंबरांचा एक छापील कागद असतो. त्यातला पुढचा नंबर तो वाचून दाखवतो आणि त्यावर रेघ मारतो. एक नंबर एकदाच. मास्तर तो वहीत लिहितो, मग सिग्नल देतो.

"नंबर दिला म्हंजी जबान दिली," आबा सांगतात. "फाटक उघडं ठिवून नंबर दिला, तर तो मानूस पुन्यांदा कामावर दिसायचा न्हाई. आन दिसूबी नये."

निवृत्तीनंतर आबांनी वलवणला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि येताना ही रीतही सामानाबरोबर आणली. त्यांच्या फ्रिजवर काकूंचा नंबरांचा कागद चुंबकाने लावलेला आहे, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. एकदा बाजारात ते माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात काकूंचा फोन आला. काकूंनी नंबर सांगितला. आबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "ह्यो तर काल देऊन झालाय." एवढं बोलून मेथी, पिशवी आणि माझं अर्धं वाक्य तिथेच टाकून ते चालू पडले, चालू म्हणजे जवळजवळ पळतच. मी पिशवी घरी पोचवली आणि बायकोला म्हणालो, "माणसाने तत्त्वाचं इतकंही वेड घेऊ नये."

सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे माझ्याकडेही एक कागद आहे. तो माझ्याकडे कसा आला हे सांगायचं तर आधी आमच्या मेलबद्दल सांगावं लागेल.

आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट. निम्मे मुंबईकरांचे. ते शनिवारी येतात, गच्चीवर भजी खातात आणि रविवारी जातात. त्यांना नोटीस द्यायची म्हणजे मेलच पाठवावा लागतो. पूर्वी व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, पण कबुतरांना दाणे घालावेत की नाही या विषयावर तो फुटला. आता कबुतरांच्या बाजूचा एक आणि विरुद्ध बाजूचा एक असे दोन ग्रुप आहेत आणि सेक्रेटरी या नात्याने मी दोन्हीकडे गप्प असतो.

तीन वर्षांपूर्वी आबा आपण होऊन कमिटीच्या बैठकीत उभे राहिले. म्हणाले, "सोसायटीचं मेलचं काम मी करतो. मला पैसा नको, पानी नको. गेटापाशी वॉचमनची जुनी खोली हाय, ती द्या. आन क्यामेऱ्यासाठी जी इंटरनेटची लाइन घेतलीया, तिच्यावर माझं यंत्र लावू द्या."

फुकटात काम होतंय म्हटल्यावर कमिटीने टाळ्या वाजवल्या. कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आपण मेल पाठवतो तो थेट समोरच्याकडे जातो असं मला वाटायचं. तसं नसतं. तो आधी एका यंत्राकडे जमा होतो. ते यंत्र तुम्ही कोण, पासवर्ड काय, हे विचारतं. पटलं तर मेल ठेवून घेतं, "स्वीकारलं" म्हणून पोच देतं, त्यावर सही-शिक्का करतं आणि मग पुढच्या यंत्राकडे सोडतं. बहुतेकांसाठी हे काम कुठलीतरी मोठी कंपनी करते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आमच्यासाठी आबा करू लागले.

ते शिकले कसे, याचा मला अजून अचंबा वाटतो. संगणकाच्या जाड पुस्तकाची छापील पानं त्यांनी आणली, रेल्वेच्या लांबुडक्या रजिस्टरमध्ये प्रत्येक आज्ञा देवनागरीत उतरवली आणि खाली आपल्या भाषेत अर्थ लिहिला. आठ महिने हे चाललं होतं. वॉचमनच्या खोलीला "केबिन" असं नाव पडलं. दारावर पाटी लागली, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. आत एक जुना संगणक, त्यावर धुळीपासून रक्षणासाठी काकूंनी शिवलेला कापडी बुरखा, भिंतीवर घड्याळ आणि खाली लाल आणि हिरवे झेंडे. झेंड्यांचं मेलमध्ये काय काम, असं मी एकदा विचारलं.

"काय न्हाई. पर केबिनमदी झेंडं असत्यात," आबा म्हणाले.

यंत्राला अनेक दरवाजे असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. मला ते समजावून देण्याचा आबांनी प्रयत्न केला. "हे बगा सर. पाचशे सत्त्याऐंशी नंबर म्हंजी परवाशाचा फलाट. तुमी-आमी तितनं चढायचं, तिकीट दावून. पंचवीस नंबर म्हंजी मालगाडीची लाइन, एका यंत्राकडनं दुसऱ्या यंत्राकडं. आता परवाशी मालगाडीच्या लायनीवर दिसला, तर मी त्याला काय करीन?"

मी भूगोल शिकवतो. मी नुसती मान डोलावली.

लोक म्हणतात की अशी यंत्रं लावताना नवखा माणूस दार उघडं ठेवतो आणि मग जगभरचे भामटे त्यातून फुकट जाहिराती पाठवतात. आबांच्या यंत्रातून तसं होणं शक्यच नव्हतं. त्यातून सुरुवातीला कोणालाच काही पाठवता येत नव्हतं. तीनदा पासवर्ड चुकला की चोवीस तास दार बंद, असा नियम त्यांनी घातला होता आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा पासवर्ड तीनदा चुकला. मी म्हटलं, "आबा, नियम तुमचाच आहे, काढून टाका की."

"न्हाई," ते म्हणाले. "सस्पेंड म्हंजी सस्पेंड." आणि चोवीस तास केबिनच्या बाहेर खुर्ची टाकून बसले. आत गेले नाहीत. चहासुद्धा बाहेरच घेतला.

शिवाय सोसायटीचा प्रत्येक मेल ते रोखून धरायचे. मी नोटीस पाठवली की यंत्र ती घ्यायचं, पण पुढे सोडायचं नाही. आबा मला फोन करणार, "सर, टाकी धुन्याची नोटीस तुमीच धाडली न्हवं? प्रायव्हेट नंबर द्या." मी त्यांनीच लिहून दिलेल्या कागदावरचा नंबर देणार, मग मेल सुटणार. एकदा कागद दुसऱ्या शर्टात राहिला होता, म्हणून मी मनानेच "एकतीस" असं ठोकून दिलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सर," आबा म्हणाले, "एकतीस तुमच्या कागदावर न्हाई. तुमी मास्तर मानूस. पोरास्नी काय शिकवता?"

मला खरोखर लाज वाटली. चाळीस वर्षांच्या माणसाला शाळेत पकडल्यासारखं वाटावं असा त्यांचा आवाज होता. त्यानंतर मी कागद पाकिटातच ठेवू लागलो.

बोंब झाली ती त्या टाकीच्या नोटिशीनेच. शनिवारी टाकी धुणार, पाणी नाही, अशी नोटीस मी शुक्रवारी सकाळी पाठवली आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी दोन दिवस बाहेरगावी गेलो. फोन बंद, चार्जर घरी. आबांनी मला अकरा वेळा फोन केला. माझा प्रायव्हेट नंबर मिळाला नाही, म्हणून त्यांनी नोटीस सोडली नाही. शनिवारी बी विंगमधले मुंबईचे गृहस्थ सात पाहुणे घेऊन आले, अंगाला साबण लावला आणि नळ कोरडा पडला. त्याच वेळी मी घरी पोचून आबांना नंबर दिला. त्या गृहस्थांना "उद्या पाणी येणार नाही" ही नोटीस साबण लावलेल्या अवस्थेत मिळाली. त्यात 'उद्या' म्हणजे 'आज' होता, हे त्यांनी मला फोनवर बऱ्याच मोठ्या आवाजात समजावलं.

कमिटी बसली. ठराव झाला, एकमताने: मेलचं काम एका तयार सेवेकडे द्यायचं, आबांचं यंत्र एक तारखेपासून बंद, खोली रिकामी, आणि हे आबांना सेक्रेटरीने लेखी कळवायचं. म्हणजे मी.

पत्र खिशात घालून मी दोन आठवडे हिंडलो. आबांसमोर जायचं आणि दुसराच विषय काढायचा. त्यांना ठरावाचा वास लागला होताच. ते एकदा म्हणाले, "नोटिशीचं काम काढून घ्या सर. माझी चूक न्हाई, तरीबी घ्या. पर यंत्र चालू ऱ्हाऊ द्या." नोटिशीच नसतील तर यंत्र कशाला, हे मला कळेना. मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

शेवटी एका बुधवारी, शाळा सकाळची होती म्हणून, दुपारी मी धीर करून त्यांच्या घरी गेलो. दार सुमनकाकूंनी उघडलं. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अतिशय गोड बाई.

"या सर. तुम्ही काय शिकवता?" त्यांनी विचारलं. हे त्या मला दर वेळी विचारतात. मी दर वेळी "भूगोल" सांगतो आणि त्या दर वेळी "अरे वा" म्हणतात. मला वाटायचं, शिक्षक-शिक्षकांमधली ही त्यांची काहीतरी थट्टा आहे.

"हे केबिनमध्ये आहेत," काकू म्हणाल्या. त्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. "मी बेबीला मेल लिहितेय. माझी धाकटी बहीण. मुलाकडे असते, ऑस्ट्रेलियात. तिला फोनवर ऐकू येत नाही ना, म्हणून मेल. आळशी आहे हो मेली. एका ओळीचं उत्तर द्यायचं तर महिना लावते." त्या हसल्या. "लहानपणापासून तशीच."

मी खाली आलो. आबा केबिनमध्ये यंत्रासमोर बसले होते. मी खिशातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांनी ते चष्मा लावून संपूर्ण वाचलं, घडीवर घडी घालून माझ्याकडे परत दिलं.

"बसा," ते म्हणाले. "वर काकू भेटल्या?"

"हो. बहिणीला मेल लिहितायत."

आबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक यादी होती, लांबलचक. प्रत्येक ओळीवर तारीख, काकूंचं नाव आणि एकच पत्ता. शेवटी प्रत्येक ओळीला एकच शेरा: थांबवलेला.

"बेबी चार वर्सामागं गेली," आबा म्हणाले.

मी हातातलं पत्र पुन्हा खिशात घातलं.

"तिच्या पोरानं तिचा मेल बंद केला. त्याचं काय चुकलं न्हाई. पर हिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई सर. बाकी लय काय ध्यानात हाय. शाळंतल्या पोरांची नावं हायती, पावकी-निमकी हाय, बेबीचा पत्ता हाय. बेबी गेली ह्ये तेवढं न्हाई. मग ती मेल धाडायची, आन कंपनीकडनं उलट उत्तर यायचं, असा पत्ताच न्हाई म्हनून. मग मला इचारायची, असं का आलं? मग मी सांगायचो." त्यांनी चार बोटं वर केली. "चार येळा सांगितलं. चारी येळंला ती पयल्यांदाच ऐकत हुती."

बाहेर गेटवर कोणाची तरी गाडी आली, हॉर्न वाजला. आबांनी तिकडे पाहिलं नाही.

"चौथ्या येळंनंतर मी ठरवलं. मेल धाडायचं यंत्र आपलंच पायजे. बाकी समद्यास्नी नियम. हिचा बेबीचा मेल आला की यंत्र म्हनतं, स्वीकारलं. उलट काय बी येत न्हाई. पुढंबी जात न्हाई. हितं उभा ऱ्हातो."

"तुम्ही वाचता?"

"छ्या! दुसऱ्याचं टपाल हाय." ते खरोखर दुखावले. मग म्हणाले, "पुसतबी न्हाई. धाडताबी येत न्हाई. चौतीस वर्सं सर, म्होरच्या ठेसनानं हो म्हनल्याबिगर मी एक डबा सोडला न्हाई. आन आता म्होरं ठेसनच न्हाई, तरी रोज रस्ता मोकळा म्हनून लाइन क्लिअर देतोय. खोटी."

तेव्हा मला बाजारातला तो दिवस आठवला. जुनाच नंबर पुन्हा ऐकून पिशवी टाकून घराकडे पळालेले आबा. तो मेथीचा हिशोब नव्हता. काकू आज ठीक आहेत ना, फ्रिजवरचा कागद त्यांना कळतोय ना, एवढंच त्यांना त्या नंबरातून हवं असायचं. आणि मी घरी येऊन त्याला वेड म्हणालो होतो. मला स्वतःचा फार राग आला.

यादीत खाली एक नवी ओळ उमटली. तारीख आजची. पाठोपाठ आबांचा फोन वाजला. खोली एवढीशी, काकूंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, बेबीला मेल पाठवलाय. गेला का?"

"व्हय," आबा म्हणाले. "गेला."

"नक्की? मग प्रायव्हेट नंबर सांगा."

आबांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचा कागद काढला. त्यावर रेघाच रेघा होत्या. पेनाचं टोपण काढून त्यांनी पुढचा नंबर शोधला.

"सत्तावन्न," ते म्हणाले.

"सत्तावन्न. लिहिलं. चहाला वर या, सर आले असतील तर त्यांनाही आणा. ते काय शिकवतात हो?"

"भूगोल."

"अरे वा," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आबांनी सत्तावन्नवर सावकाश रेघ मारली, वहीत वेळ टाकली, पेनाला टोपण लावलं. मग माझ्याकडे न बघता, यंत्रावरचा बुरखा नीट करत विचारलं, "एक तारखेला बंद म्हंता?"

"नाही," मी म्हणालो. "चालू राहील."

कमिटीला मी काय सांगणार होतो, मला माहीत नव्हतं. ठराव एकमताचा होता आणि तो फिरवण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

आबांनी वही पुन्हा उघडली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"प्रायव्हेट नंबर द्या," ते म्हणाले.

मी पाकिटातून कागद काढला.